पेटीतली चिठ्ठी

आमच्या सरांचा कुठल्याही बटणावर विश्वास नव्हता. शर्टाच्या नव्हे, संगणकाच्या पडद्यावरच्या. ‘पुढे चला’, ‘अर्ज पाठवा’ असलं काही तरी लिहिलेलं बटण आम्ही तासन्‌तास खपून देखणं करायचो, त्याला गोलाई द्यायचो, सावली द्यायचो, आणि सर लांबूनच बघून म्हणायचे, “चांगलं झालंय. चल आता स्टँडवर.” मग काखेत एक पत्र्याची पेटी मारून ते जिना उतरायचे आणि ज्याचं बटण असेल त्याने मुकाट मागे चालायचं. परभणीच्या एसटी स्टँडवर, गाडीची वाट बघत बसलेल्या एखाद्या अनोळखी बाईच्या हातात पेटीतला फोन द्यायचा आणि सांगायचं, “मावशी, एवढं जरा दाबून बघा की.” मावशींना ते दिसलं, कळलं आणि अंगठ्याने दाबता आलं तर बटण पास. मावशींनी फोन उलटासुलटा करून परत दिला तर आम्ही नापास. मावशी कधीच नापास होत नसत. पहिल्या वर्षी मी सलग आठ वेळा नापास झाले आणि मनातल्या मनात त्या आठही मावशींना नावं ठेवली.

सरांना सगळे पेटीवाले सर म्हणायचे. खरं नाव, वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या त्यांच्या क्लासच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नाही. पेटीत सात जुने फोन होते. कुणाची काच तडकलेली, कुणाची बॅटरी फुगलेली, एकाचा खालचा अर्धा पडदा बोट लावलं तरी ढिम्म हलायचा नाही. हे फोन त्यांनी लोकांकडून मागून घेतले होते आणि प्रत्येकाला मूळ मालकाचं नाव ठेवलं होतं. एक ‘झरीचे आजोबा’, एक ‘शिवणवाल्या बाई’, एक ‘कंडक्टर’. क्लासमध्ये दिवसभर “आजोबांवर चालायलंय का?” “शिवणवाल्या बाईंवर अक्षरं तुटायलीत” असं चालायचं. खालच्या दुकानात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, वर काही तरी भानगड आहे. माझ्या वडिलांनी मला चांगला नवा फोन घेऊन दिला होता, तो मी मोठ्या तोऱ्यात पुढे केला, तर सर म्हणाले, “ह्यो ठेव पर्समधी. नवा फोन समद्याला हो म्हणतो.”

पेटी दुसरीही होती. ती पत्र्याची नव्हती. वेबसाइट बनवणाऱ्याला रोज त्याच त्या गोष्टी लागतात. बटणं, अर्जातले रकाने, याद्या, तक्ते, तारीख निवडायचा चौकोन, चूक झाली तर दाखवायची पट्टी. धंद्यात त्यांना कॉम्पोनंट म्हणतात, सर साधं ‘वस्तू’ म्हणायचे. असल्या वस्तू त्यांनी एकेक करून स्वतः घडवल्या आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या. ज्याला लागेल त्याने घ्याव्या. त्या जागेलाही त्यांनी ‘पेटी’ असंच नाव दिलं होतं. गवंडी कामावर जाताना थापी आणि ओळंबा घेऊन जातो, तसं आपल्या पोरांनी नोकरीवर जाताना हे घेऊन जावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यामुळे अक्षराला जागा किती लागते हे सरांच्या डोळ्यात बसलेलं होतं. तयार मिळणाऱ्या परदेशी बटणांत मराठी शब्द टाकला की वरची वेलांटी आणि रफार कापले जायचे. आम्हाला ते दिसायचंही नाही. सर मात्र जेवताना खडा लागल्यासारखं तोंड करायचे. “इंग्रजी अक्षराला डोक्यावर काही न्हाई. आपल्याला पागोटं हाय. दार उंच करा जरा.” अशा प्रत्येक दाराची उंची त्यांनी वाढवून ठेवली होती. फिकट करड्या अक्षरांवर त्यांचा तर खास राग होता. “एसीत बसून करडी अक्षरं काढायलेत लोक. आपल्या उन्हात करडं म्हंजे कोरंच की.” एकदा मी चुकीच्या मोबाइल नंबरासाठी ‘अवैध नोंद’ असा लाल संदेश लिहिला. सरांनी तो मोठ्याने वाचला आणि मला विचारलं, “अवैध? त्या माणसानं दारू गाळलीय का गं वर्षा? आकडे धा पायजेत, नऊच आलेत, एवढं सांग की त्याला.” ती ओळ अजून पेटीत आहे. ‘आकडे दहा लागतात, तुमचे नऊ आलेत.’

त्यांच्या दोन सवयी इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या दोन सवयींवर उभं आहे. एक म्हणजे ते प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायचे. ही कुठे वापरावी, कुठे वापरू नये, असं चार ओळींत, साध्या मराठीत. दुसरी म्हणजे पेटीत काहीही बदललं की का बदललं ते एका ओळीत लिहायचे. असल्या बदलांची नोंद यंत्र आपोआप ठेवतं. तारीख, वेळ, काय काढलं, काय घातलं. कारणाची जागा मात्र बहुतेक लोक रिकामी सोडतात किंवा ‘दुरुस्ती’ असं ठोकून मोकळे होतात. सर लिहायचे, ‘बटण मोठं केलं. झरीच्या आजोबांचा अंगठा मोठा आहे.’ ‘हिरवा रंग बदलला. उन्हात शिवणवाल्या बाईंना दिसला नाही.’ आम्ही त्या ओळी वाचून हसायचो. चिठ्ठ्या मात्र आमच्यापैकी कुणी वाचत नसे. वस्तू उचलायची, लावायची, चालली की पुढे.

आता एक जूनचं सांगते. क्लासच्या खाली सेतू केंद्र होतं. तिथे दाखल्यांसाठी रांग लागायची आणि सर अधूनमधून खुर्चीवर बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचे. जन्मतारीख विचारली की आमच्या आईवडिलांच्या वयाची माणसं, मग ती झरीची असोत की पालमची, एकच उत्तर द्यायची, “जून एक.” त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलेलं असायचं, पोरगं कधी झालं, आणि घरच्यांना आठवायची ती पेरणी, नाही तर कुणाचं तरी लग्न. गुरुजी एक जून लिहून टाकायचे. माझ्या आईची तीच, बाबांची तीच, सरांचीही तीच. म्हणून सरांनी तारखेचा रकाना असा बनवला की तो उघडतानाच एक जूनवर उघडायचा. फक्त साल टाकायचं. केंद्रातल्या मुलींचा निम्मा वेळ वाचला. “आपला जिल्हा एकाच दिवशी जन्मलाय, मग कशाला त्याला बारा महिने फिरवायचं?” सर म्हणाले, आणि त्या दिवशी आम्हाला भजी खाऊ घातली. त्या रकान्याचं त्यांना कौतुक होतं. मलाही होतं. पाथरीच्या आमच्या घरी मी तो आईला मुद्दाम दाखवला होता.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. कंपनी लहान होती, कामं मात्र गळ्यापर्यंत. दुसऱ्याच वर्षी एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज बनवायचं काम आलं. आमच्याच भागातल्या मुलींसाठी, म्हणून ते मी हट्टाने मागून घेतलं. चार दिवस हातात होते. पेटी उघडली आणि भराभर वस्तू काढल्या. बटण, याद्या, चूक दाखवायची पट्टी, तारखेचा रकाना. रंग तेवढा संस्थेचा निळा दिला. काम झाल्यावर आनंदाने सरांना फोन केला. “सर, तुमची अख्खी पेटी लावली.”

“कुणाला दाखवलंस का?”

“हो, सगळ्या टीमला दाखवलं.”

“टीमला न्हाई गं. कुणाला?”

मी विषय बदलला. पुण्यात स्टँडवर जाऊन अनोळखी बायकांच्या हातात फोन द्यायचा म्हणजे काय, ते त्यांना काय समजणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

वसतिगृहाच्या त्या मुली आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या नव्हत्या. त्या दवाखान्यात जन्मलेल्या, खऱ्या तारखांच्या. अर्ज मात्र घरोघरी बापांनी भरले, कारण फोन बापाच्या हातात. बापाने रकाना उघडला, समोर एक जून दिसला. त्याला त्यात काही वावगं दिसलंच नाही. त्याची स्वतःची तारीख तीच, त्याच्या बायकोची तीच, भावाची तीच. त्याने साल टाकलं आणि पुढे गेला. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात एखाद्याला खटकलं असतं. आमच्याकडे जन्मतारखेच्या जागी एक जून असणं म्हणजे देवळाच्या जागी देऊळ असणं. संस्थेचं यंत्र अर्जातली तारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून बघत होतं आणि जुळली नाही की अर्ज बाद करत होतं. यादी लागली तेव्हा ढिगाने मुली बाहेर होत्या.

ज्यांना वेळेवर कळलं त्यांनी धावपळ करून दुरुस्ती करून घेतली. पालमची एक मुलगी होती. तिच्या वडिलांना कळायला उशीर झाला आणि तोवर जागा भरल्या. गावात बारावीच्या पुढे काही नव्हतं, रोज ये-जा करू देणार नव्हते, वसतिगृह मिळालं तरच कॉलेज असं घरात ठरलेलं. ती घरी बसली.

पुण्यात आमच्या साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, “तारखेचा भाग आपला की बाहेरचा?” मी म्हणाले, “बाहेरचा आहे.” दोन शब्द. दोन्ही खरे होते. ते म्हणाले, “मग तिथे काही सूचना दिली होती का, ते बघून दुपारपर्यंत सांग. दिली असेल आणि आपण वाचली नसेल, तर चूक तुझी धरावी लागेल.” मी जागेवर आले. पेटी उघडायची हिंमत होईना. मला खरोखरच माहीत नव्हतं की त्या वस्तूला चिठ्ठी होती की नाही. मी वाचलीच नव्हती, मग असल्या-नसल्याचं काय सांगू. शेवटी जिन्यात जाऊन सरांना फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले तेही सांगितलं. माझी नोकरी जाईल, असंही मी म्हणाले. सर म्हणाले, “रडू नको. आधी खाली जाऊन चहा पी. चहा पिऊन मग बघ.”

मी खाली गेले, चहा प्यायले, वर आले आणि पेटी उघडली. बटणाला चिठ्ठी होती, याद्यांना होती, पट्टीला होती. तारखेच्या रकान्याला नव्हती.

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे. सुटल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ सरांचा थोडा रागही आला. एवढ्या बारीकसारीक गोष्टींना चिठ्ठ्या लावणारा माणूस नेमका इथे कसा विसरला? मी साहेबांना कळवलं, सूचना नव्हती. कंपनीने संस्थेला कळवलं की दोष परभणीत बनवलेल्या त्या तयार भागात होता. पुढच्या दोन दिवसांत पालक क्लासच्या जिन्यावर जमले.

तिथे काय झालं ते मला केंद्रातल्या मुलींनी सांगितलं. सर हात जोडून उभे होते आणि एकच वाक्य म्हणत होते, “चूक माझीच हाय.” कुणी तरी पाटीवर चुन्याने ‘एक जून’ लिहून गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. संस्थेच्या कार्यालयात त्यांनी पालमच्या मुलीसाठी पाच-सहा खेपा घातल्या, त्यातून काही निघालं नाही. मग एसटीने पालमला गेले, त्या मुलीच्या घरी ओट्यावर बसले आणि तिच्या वडिलांना तेच वाक्य ऐकवून आले. तिच्या वडिलांनी पाणी दिलं. सरांनी तारखेचा रकाना कोरा करून टाकला. त्यानंतर पेटीत एकही नवी वस्तू आली नाही. क्लासची पोरंही हळूहळू गळाली.

दिवाळीला मी भेटायला गेले. सर वाळले होते. पत्र्याची पेटी टेबलाखाली सरकवलेली होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रं पडली होती. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हणाले, “सर, तुम्ही एकट्यानेच सगळं अंगावर का घेतलं?” ते म्हणाले, “वस्तूच अशी पायजे की तिच्यात चुकता येऊ नये. मी आड उघडा ठेवला. त्यात पडणाऱ्याला काय बोलायचं?” माझ्या ओठावर आलं होतं की सर, त्याला चिठ्ठी कशी काय नव्हती. तेवढ्यात त्यांनीच काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, हाक मारली. “वर्षा आलीय. चहा टाका.” मी चहा प्यायले आणि पाथरीची गाडी पकडली.

पुढे मी मोठ्या कंपनीत गेले. माझी कामं नावाजली गेली. मी अजून कुठलाही अर्ज अनोळखी माणसाच्या हातात दिल्याशिवाय पुढे पाठवत नाही. रस्त्यावरच्या भाजीवाल्या बाईंना, सोसायटीच्या पहारेकऱ्याला फोन देते. तारखेचा रकाना कोराच ठेवते. सहकारी माझं कौतुक करतात, आणि दर वेळी मला सरांची पेटी आठवते. तिच्या नोंदींत शोधलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं की चिठ्ठी होती की नव्हती. नोंदी सगळ्यांना खुल्या होत्या. मी एवढी वर्षं शोधलं नाही. नव्हती हे मला पुरत होतं.

या उन्हाळ्यात सर गेले. दोन दिवसांचं दुखणं झालं आणि गेले. मी पोहोचले तोवर सगळं आटपलेलं होतं. गल्लीत लावलेल्या फलकावर त्यांची जन्मतारीख छापली होती, एक जून. काकू त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “त्यांची आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला म्हणून. कुणी लिवून घेतलंच न्हाई.” मग आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. “ही तुला द्या म्हणले व्हते. आन ती दुसरी, कॉम्प्युटरातली, तिची पन किल्ली तुझ्याच नावावर करून ठेवलीय. मला त्यातलं काही कळत न्हाई बाई.”

पाथरीला घरी येऊन सकाळी ओसरीवर बसले आणि पेटी उघडली, कॉम्प्युटरातली. आता ती माझी होती, म्हणजे नोंदी बघणं टाळायला काही निमित्त उरलं नव्हतं. तारखेच्या रकान्याच्या जुन्या नोंदी पहिल्यापासून एकेक करत बघायला घेतल्या. वस्तू बनवली त्याच दिवशी चिठ्ठी लावलेली होती. ‘समोर बसून विचारणारं माणूस असेल तरच ही वस्तू वापरा. लोक घरून स्वतः भरणार असतील तर तारीख कोरी ठेवा. नाही तर बाप स्वतःचीच तारीख मुलीला देईल.’

बाप स्वतःचीच तारीख मुलीला देईल. त्यांनी हे माझ्या अर्जाच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं.

पुढची नोंद चिठ्ठी काढल्याची होती. तारीख मी जिन्यातून फोन केला त्या दिवसाची. वेळ माझ्या चहाची. कारणाच्या जागेत सरांनी नेहमीसारखी एक ओळ लिहिली होती.

‘चिठ्ठी काढली. पोरगी नोकरीवर राहिली पाहिजे.’

आई येऊन दोनदा विचारून गेली, काय झालं. मला सरांचा फार राग आला. त्यांनी मला वाचवलं, आणि वाचवताना पालमच्या त्या मुलीपुढे, तिच्या वडिलांपुढे, अख्ख्या परभणीपुढे खोटं बोलले. हे करायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण मी रडले होते, आणि काय हवंय ते रडण्यातून पुरतं कळलं होतं. मग राग ओसरला आणि नुसतं रडू आलं.

दुपारी डोळे धुऊन पुन्हा बसले. चिठ्ठी होती तशी, एक अक्षर न बदलता परत लावली. पेटीतला माझा तो पहिला बदल. कारणाच्या जागेत लिहिलं, ‘चिठ्ठी परत लावली. ती पहिल्यापासून होती. मी वाचली नव्हती.’ खाली पूर्ण नाव घातलं आणि ज्या अर्जात ती वस्तू लावली होती त्याचंही नाव घातलं. तेच सगळं पत्र म्हणून जुन्या साहेबांना आणि संस्थेला पाठवलं.

ती मुलगी आता पालमलाच असते, लग्न होऊन त्याच गावात दिलीय, असं काकूंकडून कळलं. सरांनी जे वाक्य तिच्या ओट्यावर जाऊन म्हटलं ते माझं होतं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. उद्या सकाळच्या गाडीने परभणी, आणि तिथून पालम.